पेट्रोल गाडीसाठी योग्य इंधन कसं निवडायचं: झाकणाच्या आतल्या स्टिकरपासून टाकी बंद करेपर्यंत

इंधन निवडताना बहुतेक जण उलट्या टोकाकडून सुरुवात करतात. आधी पंप ठरतो, मग ‘साधं की प्रीमियम’ हा प्रश्न येतो. गाडीला मुळात काय चालतं हे बघायची आठवण इंजिन कुरकुरायला लागल्यावर होते. क्रम असा हवा: आधी इंधनाचा प्रकार, मग इथेनॉलची मर्यादा, मग ऑक्टेन (वेळेआधी पेटण्याला इंधन किती विरोध करतं त्याचा आकडा), आणि पंप किंवा ब्रँड अगदी शेवटी. पहिल्या दोन गोष्टी चुकल्या तर गाडीचे भाग खराब होतात. ऑक्टेन गरजेपेक्षा कमी पडलं तर इंजिन सोसतं, जास्त झालं तर फक्त खिसा सोसतो. ब्रँडच्या निवडीने पडणारा फरक या सगळ्यांपेक्षा लहान असतो, आणि वाद मात्र नेमका त्याच्यावरूनच सर्वात जास्त होतो.

## १. पंपावर जाण्याआधी: गाडी काय मागते ते बघून ठेवा

गाडी उभी असताना पेट्रोलच्या टाकीचं बाहेरचं झाकण उघडा आणि त्याच्या आतल्या बाजूला बघा. बहुतेक गाड्यांवर तिथे छोटा स्टिकर असतो. धूळ बसली असेल तर ओल्या फडक्याने हलकेच पुसा, खरवडू नका, कारण एकदा शाई गेली की परत वाचता येत नाही. स्टिकरवर साधारण तीन गोष्टी सापडतात. ‘अनलेडेड ओन्ली’, म्हणजे शिसेविरहित पेट्रोलच. ‘आरओएन ९५’ किंवा ‘मिनिमम आरओएन ९१’ असा ऑक्टेनचा आकडा. आणि ‘ई५’, ‘ई१०’, ‘ई२०’ असं इथेनॉलचं चिन्ह. चिन्हावर काट मारलेली असेल, तर ते इंधन या गाडीला चालत नाही.

मग मॅन्युअलमधलं इंधनाचं पान काढा. स्टिकरवर जागा नसते म्हणून जे लिहिलेलं नसतं ते तिथे असतं, आणि त्यातही एक फरक डोळ्यांत तेल घालून बघायचा असतो. ‘किमान आवश्यक’ म्हणजे त्याखाली जायचंच नाही. ‘शिफारस’ म्हणजे त्याखालचं इंधन चालेल, पण ताकद आणि मायलेज थोडं कमी मिळेल. हे दोन शब्द एकच समजून वर्षानुवर्षं महाग पेट्रोल भरणारे पुष्कळ आहेत. खालचं भरून इंजिन बिघडवणारेही आहेत.

जुनी गाडी विकत घेतली असेल तर आणखी दोन शंका मनात ठेवा. ती दुसऱ्या देशातून आलेली असेल तर स्टिकरवरचा ऑक्टेनचा आकडा कदाचित वेगळ्या मोजमापातला असेल (ते चौथ्या टप्प्यात येतंच आहे). आणि आधीच्या मालकाने ताकद वाढवण्यासाठी ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) रीमॅप करून, म्हणजे त्याची सेटिंग बदलून घेतला असेल, तर स्टिकर आता खरा राहिलेला नाही. अशा इंजिनाला बहुधा मूळ आकड्यापेक्षा जास्त ऑक्टेन लागतं. रीमॅप ज्याने केलं त्याच्याकडूनच आकडा घ्यावा.

तपासून बघा: स्टिकर आणि मॅन्युअलचं पान, दोन्हींचा फोटो फोनमध्ये आहे का? पंपावर रांगेत उभं असताना पुस्तक कोणी उघडत नाही.

## २. आधी प्रकार: हे पेट्रोलच आहे ना?

हे वाक्य वाचून हसू येईल, पण डिझेल आणि पेट्रोलची अदलाबदल रोज कुठे ना कुठे होत असते, आणि ती करणारी माणसं अडाणी नसतात. घाई असते, गाडी भाड्याची असते, किंवा घरात दोन गाड्या असून एक डिझेलची असते.

नोझलच्या रंगावर विसंबू नका. युरोपात हिरवं हँडल पेट्रोलचं असतं, तर अमेरिकेत हिरवं दिसलं की ते बहुधा डिझेल असतं. युरोपीय संघात २०१८ पासून पंपांवर आणि नव्या गाड्यांवर आकारांची खूण आहे: पेट्रोलला गोल, डिझेलला चौकोन. डिझेलचं नोझल सहसा जाड असतं आणि पेट्रोल गाडीच्या नळीत शिरत नाही. पण ‘सहसा’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. जुन्या गाड्यांची नळी रुंद असू शकते आणि सगळीकडची नोझल सारख्या मापाची नसतात. म्हणून नोझलवरचं किंवा मशिनवरचं नाव वाचायचं. भरणारा दुसरा कोणी असेल तर ‘फुल करा’ म्हणण्याआधी ‘पेट्रोल’ हा शब्द उच्चारायचा.

आणखी दोन सापळे आहेत. ई८५ या इंधनात इथेनॉलचंच प्रमाण मोठं असतं. ते फक्त फ्लेक्स-फ्युएल गाड्यांसाठी आहे, आणि स्वस्त दिसलं म्हणून साध्या गाडीत भरायचं नाही. दुसरा सापळा ‘विमानाचं पेट्रोल’ आणि शर्यतीची काही इंधनं. लहान विमानांत चालणाऱ्या १००एलएल पेट्रोलमध्ये शिसं असतं. ऑक्टेन भरपूर आहे म्हणून ते गाडीत ओतणारे हौशी भेटतात, पण शिसं कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधल्या (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणाऱ्या भागातल्या) धातूंवर थर धरून त्याला निकामी करतं आणि ऑक्सिजन सेन्सरही बिघडवतं. हे नुकसान साफसफाईने भरून निघत नाही.

इशारा: डिझेल भरलं गेलंच तर इंजिन चालू करू नका. किल्ली ‘ऑन’वरही नेऊ नका किंवा स्टार्टचं बटण दाबू नका, कारण बऱ्याच गाड्यांत तेवढ्यानेच टाकीतला पंप फिरतो आणि डिझेल पुढे लाइनमध्ये जातं. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून ढकलत बाजूला घ्या आणि टाकी रिकामी करणाऱ्याला बोलवा. ‘थोडंच गेलंय, वरून पेट्रोल भरलं की पातळ होईल’ हा सल्ला मानू नका. डिझेलने मिश्रणाचं ऑक्टेन घसरतं, प्लग काळे होतात, आणि अर्धवट जळालेलं इंधन कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं. चालू करण्याआधी टाकी रिकामी केली तर काम तिथेच आटोपतं. चालू केल्यावर लाइन, फिल्टर, इंजेक्टर, प्लग अशी यादी लांबत जाते.

## ३. इथेनॉलची मर्यादा: सर्वात जास्त गोंधळ इथे आहे

‘ई’पुढचा आकडा म्हणजे इथेनॉलचं आकारमानानुसार जास्तीत जास्त टक्के प्रमाण. ई१० म्हणजे १० टक्क्यांपर्यंत. त्यामुळे ई१० चालणाऱ्या गाडीला ई५ चालतंच, पण याचं उलट धरता येत नाही. चालणाऱ्या दोन इंधनांची टाकीत सरमिसळ झाली तर काही बिघडत नाही, प्रमाण मधलं कुठलं तरी येतं.

गाडीला अमुक इथेनॉल चालतं असं म्हणताना प्रत्यक्षात दोन वेगळे प्रश्न असतात, आणि ते वेगवेगळे विचारले पाहिजेत.

पहिला प्रश्न भागांचा. इथेनॉल काही प्रकारची रबरं फुगवतं किंवा कडक करतं, आणि पाणी धरून ठेवत असल्यामुळे काही धातूंना गंज चढवतं. होझ, गॅस्केट, ओ-रिंग, पंपातली सीलं हे सगळं त्या प्रमाणाला टिकणारं आहे का?

दुसरा प्रश्न ट्यूनिंगचा. पेट्रोलचा एक किलो पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर इथेनॉलच्या एका किलोला सुमारे ९ किलो. म्हणजे इथेनॉल वाढलं की त्याच हवेला जास्त इंधन द्यावं लागतं. ऑक्सिजन सेन्सर असलेली गाडी हे ठरावीक मर्यादेपर्यंत स्वतः जुळवून घेते. कार्ब्युरेटरची गाडी मात्र जेट बदलल्याशिवाय जुळवून घेऊ शकत नाही. तिचं मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, थंडीत ती उशिरा चालू होते आणि जास्त तापते.

काही गाड्यांचे भाग जास्त इथेनॉल सोसतात पण इंजिन त्यासाठी ट्यून केलेलं नसतं. ‘चालतं’ असं ऐकलं की दोन्हींबद्दल विचारा. तोंडी उत्तरापेक्षा मॅन्युअल किंवा निर्मात्याचं लेखी उत्तर जास्त विश्वासाचं.

मायलेजचंही खरं ते सांगतो. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या जवळजवळ दोन तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत ई१०च्या लिटरमागे सुमारे ३ टक्के आणि ई२०च्या लिटरमागे ६ ते ७ टक्के ऊर्जा कमी मिळते. एवढी घट दिसली तर गाडी बिघडलेली नाही. याच्या दुपटी-तिपटीने मायलेज पडलं असेल तर कारण दुसरीकडे शोधा: टायरमधली हवा, चिकटलेला ब्रेक, जुना झालेला ऑक्सिजन सेन्सर.

जुन्या गाडीसाठी: बरीच वर्षं कमी इथेनॉलवर चाललेली गाडी वरच्या (पण मान्य) प्रमाणावर नेली, की टाकीत आणि लाइनमध्ये साचलेला गाळ सुटतो आणि फिल्टरमध्ये अडकतो. पहिल्या काही टाक्यांनंतर गाडी दम सोडायला लागली तर आधी फिल्टर बघा. रबरी होझ दोन बोटांत दाबून बघा. चिकट लागत असतील, तडे दिसत असतील किंवा पेट्रोलचा वास येत असेल, तर इंधनाचा विचार बाजूला ठेवून आधी होझ बदला.

चुकून जास्त इथेनॉलचं भरलं तर: ई१०च्या गाडीत एकदा ई२० गेल्याने सहसा काही कोसळत नाही. टाकी एक चतुर्थांश खाली झाली की योग्य इंधन भरा आणि असं दोन-तीनदा करा. ई८५ची पूर्ण टाकी भरली गेली असेल तर मात्र ती काढून टाकणंच बरं.

## ४. ऑक्टेन: आकडा कोणत्या मोजमापातला ते आधी बघा

ऑक्टेन म्हणजे इंधनाची ताकद नव्हे. दाबाखाली आपणहून, वेळेआधी पेटण्याला ते किती विरोध करतं त्याचा तो आकडा आहे. जास्त दाबाच्या किंवा टर्बो इंजिनाला हा विरोध जास्त लागतो. ज्याला लागत नाही त्याला तो देऊन काही मिळत नाही.

मोजमापं दोन आहेत. भारतात, युरोपात आणि इतर बऱ्याच देशांत पंपावर आरओएन लिहितात. अमेरिका आणि कॅनडात आरओएन आणि एमओएन (जास्त कडक चाचणीतला ऑक्टेनचा आकडा) यांची सरासरी लिहितात, तिला एकेआय म्हणतात. तेच पेट्रोल एकेआयमध्ये ४ ते ५ने कमी दिसतं. तिथलं ८७ म्हणजे इथलं साधारण ९१-९२, आणि तिथलं ९१ म्हणजे साधारण ९५-९६. बाहेरून आलेल्या गाडीवर ‘९१’ दिसलं तर ते कोणत्या मोजमापातलं हे कळल्याशिवाय भरू नका. एकेआय ९१ मागणाऱ्या इंजिनात आरओएन ९१ भरणं ही चांगली चार-पाच अंकांची चूक आहे.

‘प्रीमियम’ या नावाचंही तसंच. काही प्रीमियम पेट्रोलमध्ये ऑक्टेन खरंच जास्त असतं, तर काहींत ऑक्टेन साध्याएवढंच असून फक्त साफ करणारी रसायनं जास्त असतात. नाव वाचू नका, आकडा वाचा. आकडा कुठेच लिहिलेला नसेल तर ते साधंच आहे असं धरून चाला.

कमी पडलेलं ऑक्टेन कानाला कळतं. वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात, चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिनातून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा बारीक खडखडाट येतो. मेकॅनिक म्हणतात, ‘नॉक करतंय’. पाय थोडा उचलला की आवाज थांबतो, आणि त्यावरूनच तो ओळखायचा: सैल पडलेल्या पत्र्याचा आवाज इंजिनावरच्या भाराशी असा इमानदार नसतो. आताच्या गाड्यांत नॉक सेन्सर हा प्रकार पकडून ठिणगीची वेळ मागे घेतो. त्यामुळे आवाज येणारही नाही, फक्त गाडी सुस्त वाटेल आणि पेट्रोल जास्त पिईल. सेन्सर आहे म्हणून किमान आकड्याखाली कायम चालवावं, असा मात्र याचा अर्थ होत नाही. त्याची धाव ठरलेली असते, आणि टर्बो इंजिनात जोरदार नॉकिंगने पिस्टनच फुटू शकतो.

कमी ऑक्टेनचं भरलं गेलं तर: टाकी काढायची गरज सहसा नसते. जोरात पळवू नका, ओझं ओढू नका, चढावर खालचा गिअर वापरा. जागा झाली की वरच्या आकड्याचं पेट्रोल भरा. मिश्रणाचा आकडा ढोबळमानाने सरासरीजवळ येतो: ९१ आणि ९७ अर्धं-अर्धं असलं तर साधारण ९४.

ऑक्टेन बूस्टरच्या बाटल्या: ‘अमुक पॉइंट वाढवा’ असं लिहिलेलं असतं तेव्हा एक पॉइंट म्हणजे बऱ्याचदा ऑक्टेनचा एक दशांश असतो. काही बाटल्यांत मँगनीज किंवा लोहाची संयुगं असतात आणि त्यांचा थर प्लगवर बसतो. मॅन्युअलमध्ये धातूयुक्त इंधन किंवा अ‍ॅडिटिव्ह वर्ज्य लिहिलं असेल तर विषय संपला.

## ५. आता पंप निवडा

ज्या पंपावर खप चांगला आहे तो घ्या. पेट्रोल टाकीत पडून राहिलं की शिळं होतं, आणि जमिनीखालच्या जुन्या टाकीत तळाशी पाणी साचू शकतं. टँकर नुकताच रिकामा होत असेल तर तळाचा गाळ ढवळला जातो. पंपाला फिल्टर असतो, त्यामुळे घाबरण्याएवढं काही नाही, पण दुसरा पंप जवळ असेल तर तिकडे जावं.

‘पहाटे भरा, पेट्रोल थंड असतं म्हणून जास्त मिळतं’ हे डोक्यातून काढून टाका. पेट्रोल एका अंश सेल्सिअसला सुमारे ०.१ टक्का प्रसरण पावतं, आणि जमिनीखालच्या टाकीचं तापमान दिवसभरात फारसं हलतही नाही.

भेसळीची शंका असेल तर फिल्टर पेपरवर एक थेंब टाकून वाळू द्या. चांगलं पेट्रोल डाग न ठेवता उडून जातं, तेलकट कडा राहिली तर काहीतरी जड मिसळलेलं आहे. पण डाग पडला नाही म्हणून पेट्रोल शुद्ध ठरत नाही. पेट्रोलइतक्याच लवकर उडणारं द्रावण या परीक्षेत पकडलं जात नाही. घनता मोजणार असाल तर ती १५ अंश सेल्सिअसला बदलून घेतल्याशिवाय तुलना करू नका. उन्हात मोजलेला आकडा नेहमीच कमी येतो, आणि त्यावरून भांडण उकरून काढलं तर आपणच तोंडघशी पडतो.

साफ करणाऱ्या रसायनांबद्दल: इंजेक्टर स्वच्छ ठेवायला त्यांचा उपयोग आहे. पण फक्त डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारी पद्धत) असलेल्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोल पडतच नाही, तेव्हा तिथला कार्बन पेट्रोलमधल्या कुठल्याच रसायनाने धुतला जाणार नाही. त्या आशेवर महाग पेट्रोल घेऊ नका.

तपासून बघा: पावती ठेवता का? गाडी भरल्यावर लगेच बिघडली तर तारीख, वेळ आणि पंप दाखवणारा तोच एक कागद असतो.

## ६. भरताना

पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेऊ शकते, आणि ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. नियम याच कारणातून आलेत.

इंजिन बंद, सिगारेट बंद, फोन गाडीत. बाहेर आल्यावर नोझलला हात लावण्याआधी गाडीच्या उघड्या धातूला हात लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज उतरते. भरणं चालू असताना परत आत जाऊन बसू नका. सीटवर घासून पुन्हा वीज साठते आणि ठिणगी नेमकी नोझलजवळ पडते. आग लागलीच तर नोझल ओढून काढू नका, तसंच सोडून लांब व्हा आणि पंपावरच्या माणसाला पुरवठा बंद करायला सांगा.

मशिनवर शून्य बघा. ऑटो-कट झाला की थांबा. ‘राउंड फिगर’साठी वरून ठोसून भरण्याची सवय फार महागात पडते: टाकीच्या वरची जागा वाफेसाठी असते, आणि जास्तीचं पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये जाऊन त्याला भिजवतं. मग भरल्यावर गाडी लवकर चालू होत नाही आणि चेक इंजिनचा दिवा लागतो.

कॅनमध्ये घ्यायचं असेल, आणि तिथे तशी परवानगी असेल, तर पेट्रोलसाठीच बनवलेला कॅन घ्या. तो गाडीतून खाली काढून जमिनीवर ठेवूनच भरा आणि वर थोडी जागा सोडा. पाण्याची किंवा थंड पेयाची बाटली कधीच नको.

## ७. भरल्यानंतरचे पहिले काही किलोमीटर

झाकण ‘टक’ असा आवाज येईपर्यंत फिरवा. सैल झाकणानेही चेक इंजिनचा दिवा लागतो, आणि लोक पेट्रोलला दोष देत बसतात. झाकण घट्ट केल्यावर दिवा लगेच विझत नाही, काही फेऱ्या जाव्या लागतात.

पहिल्या प्रवासात धक्के, सुस्ती, नॉक, धूर किंवा वेगळा वास येतो का, याकडे लक्ष ठेवा. दिवा स्थिर असेल तर सावकाश गॅरेजपर्यंत जाता येतं. दिवा लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर होतंय आणि न जळालेलं पेट्रोल कन्व्हर्टर जाळतंय. गाडी सुरक्षित जागी थांबवा.

## ८. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर

पेट्रोल तीन ते सहा महिन्यांत उतरायला लागतं. हलका भाग उडून जातो, उरलेलं चिकट होतं. इथेनॉलचं पेट्रोल वरून ओलावा ओढतं. पाणी पुरेसं साठलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसतात, आणि इंधन पंपाचं तोंड नेमकं तळाशीच असतं. वरच्या पेट्रोलमधून इथेनॉल गेल्यामुळे त्याचं ऑक्टेनही घसरतं. असं वेगळं झालेलं मिश्रण ढवळून पूर्ववत होत नाही.

म्हणून उभी करण्याआधी चालणाऱ्यांपैकी सर्वात कमी इथेनॉलचं, ताजं पेट्रोल भरा आणि टाकी जवळजवळ पूर्ण ठेवा, म्हणजे ओलाव्याला आत जागा कमी उरते. फ्युएल स्टॅबिलायझर वापरायचा तर तो ताज्या पेट्रोलमध्येच टाका आणि नंतर दहा-पंधरा मिनिटं इंजिन मोकळ्या हवेत चालवा, म्हणजे तो इंजेक्टरपर्यंत पोहोचतो. शिळं झालेलं पेट्रोल त्याने ताजं होत नाही. प्लग-इन हायब्रिडवाल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं: गाडी रोज चालते, पण टाकीतलं पेट्रोल महिनोन्‌महिने तेच राहतं.

परत काढताना झाकण उघडून वास घ्या, पण तोंड नळीवर नेऊन नव्हे. वार्निशसारखा आंबूस वास आला तर इंजिन चालू न करता टाकी रिकामी करून घ्या. ते पेट्रोल गटारात, मातीत किंवा शेगडीत ओतू नका. बंद कॅनमधून गॅरेजला किंवा घातक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्राला द्या.